आजोळच्या ओळखीची दोन गावे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत मी प्रवासावर बोलावे अशी सूचना कार्यवाहांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. सुभानपुऱ्यातले घर, घरातून महाविद्यालय आणि महाविद्यालयातून हे ग्रंथालय, असा माझा अठ्ठावीस वर्षांचा प्रवास. त्यात सांगण्यासारखे ते काय असणार? शिवाय प्रवासवर्णनांचे आपले कपाट चांगले भरलेले आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे', पु. लं.ची 'अपूर्वाई', मीना प्रभूंची पुस्तके, ही सारी मी येथूनच नेऊन वाचली. मात्र या पुस्तकांनी माझ्या मनात उभा केलेला फ्रान्स म्हणजे मुख्यतः पॅरिस होता. बांधावर उभा राहून दिसणारा फ्रान्स मी पाहिला तो २०२४ च्या जून महिन्यात, आणि तोही एका जुन्या ऋणापायी. त्या ऋणाविषयी बोलायचे ठरवले आणि होकार कळवला.

माझे आजोळ नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात. तेथे फ्रान्समधली दोनच गावे ठाऊक होती. एक मार्सेलिस आणि दुसरे बोर्डो. मार्सेलिस ठाऊक असण्याचे कारण आपणांस सांगावयास नको. भगूर आमच्या आजोळापासून फार दूर नाही, आणि सावरकरांच्या उडीची गोष्ट आजोबा इतक्या तपशिलाने सांगत की, ते स्वतः त्या बोटीवर होते की काय, असे आम्हां मुलांना वाटे. बोर्डो मात्र गाव आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या लेखी बोर्डो हे औषध होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजोळी जात असू. ऑक्टोबरची छाटणी, जिला तिकडे गोडी छाटणी म्हणतात, ती उरकलेली असे आणि मांडवावर कोवळी फूट आलेली असे. त्या फुटीला सर्वांत मोठे भय अवकाळी पावसाचे. पाऊस पडला की पानांच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी धरते. कृषी खात्याच्या पत्रकात तिला केवडा म्हणतात, शेतकरी डावणी म्हणतो. तिच्यावरचा उतारा म्हणजे बोर्डो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद एका लाकडी पिंपात विरघळवायचा, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही एकत्र ओतायचे. मोरचुदाचा तो निळा रंग मला आजही डोळे मिटले की दिसतो. मिश्रण तयार झाले की मामा त्यात विळ्याचे पाते बुडवीत. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. ती परीक्षा पाहण्यासाठी आम्ही पिंपाभोवती गोळा होत असू.

एकदा मी मामांना विचारले, "मामा, बोर्डो म्हणजे काय?"

"औषधाचं नाव हाय," मामा म्हणाले. "सायबाचं नाव असंल एखाद्या."

पुढे एम. ए. झालो, फ्रेंच साहित्याची भाषांतरे वाचली, नकाशात बोर्डो दिसले. मामांना सांगायचे मात्र राहून गेले. पण एवढ्यावर भागले असते तर मी आज येथे उभा राहिलो नसतो.

२००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' वादळ आले. नाशिकच्या बागांना नेमका फुटीच्या आणि फुलोऱ्याच्या काळात पावसाने झोडपले आणि डावणीने बागाच्या बागा बसल्या. त्या आठवड्यात मामांचा दूरध्वनी आला. माझ्याजवळ पैशाविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "तुझ्या तिकडं मोठी लायब्ररी हाय ना? जरा बघ. युरोपातल्या लोकांच्या द्राक्षावर डावणी येत न्हाई का? आली तर ते काय करत्यात?" मी "पाहतो" म्हटले. सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरात पडले होते. मी पाहिले नाही. मामांनी पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या वर्षी, २०१० साली, अंशाच्या कारणावरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली, त्यात उरलेसुरले गेले. २०११ मध्ये मामांनी बाग तोडली आणि त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. माझ्या उत्तराने बाग वाचली असती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण माझ्या साऱ्या वाचनाच्या आयुष्यात आमच्या घरच्या शेतकऱ्याने मला ग्रंथालयाचे एकच काम सांगितले होते.

आमची कन्या आणि जावई तुलूझ या शहरी नोकरीनिमित्त असतात. त्यांनी बोलावले तेव्हा सौ.ची इच्छा स्वाभाविकपणेच पॅरिसची होती. मी बोर्डोचा हट्ट धरला. गुजरातसारख्या दारूबंदीच्या राज्यातून साठीकडे झुकलेला मराठीचा प्राध्यापक थेट बोर्डोला जायचे म्हणतो, यावर आमच्या स्नेहीमंडळींत जी चर्चा झाली ती येथे सांगण्यासारखी नाही. तेथे मी काय प्यालो, हेही कृपया विचारू नये.

जावई गाडी चालवीत होते. बोर्डोच्या पूर्वेस गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्यांमधल्या प्रदेशाला फ्रेंच लोक 'दोन समुद्रांमधला' म्हणतात. साधा दोआबच तो. तेथे एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही खोली घेतली होती. सौ.ने पहिल्यांदा वेली पाहिल्या आणि ती म्हणाली, "एवढ्याशाच?" मांडव नाही, सावली नाही. कमरेइतक्या वेली तारेवर बांधून सरळ रांगांत उभ्या. घड मोठा व्हावा म्हणून आपल्याकडे जी धडपड असते, तिच्या नेमकी उलट येथे. द्राक्ष लहान असावे, साल जाड असावी, कारण रंग आणि चव सालीत. नाशिकची बहुतेक द्राक्षे ताटात जायची असतात, येथली पिंपात.

मधूनच मोकळी, नांगरलेली शेते दिसत होती. ती पडीक असतील असे मला वाटले. संध्याकाळी घरमालकांनी खुलासा केला. ती तोडलेल्या बागांची जमीन होती. फ्रान्समध्येच लाल दारूचा खप उतरला, परदेशी मागणी मंदावली, आणि २०२३ मध्ये बोर्डोतल्या सुमारे साडेनऊ हजार हेक्टर वेली उपटण्यासाठी हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना निघाली. घरमालकांच्या बारा हेक्टरांपैकी पाच गेले होते. आजोबांनी लावलेली वेल यंत्राने उपटताना आपण घरातच बसून राहिलो, बाहेर आलो नाही, असे ते म्हणाले. कन्या भाषांतर करीत होती. या वाक्यापाशी ती जरा थांबली. मामांनी बाग तोडली त्या दिवशी तेही निफाडच्या बाजाराला निघून गेले होते, हे तिने आजीकडून ऐकलेले होते.

मग मी माझा प्रश्न विचारला. पंधरा वर्षे उशिरा, पण जसाच्या तसा. तुमच्याकडे डावणी येते का? आली तर काय करता?

ते हसले आणि म्हणाले, येते म्हणजे काय, याच वर्षी पावसाने छळले आहे. मग आम्हांला गोठ्यामागच्या कोठीत घेऊन गेले. तेथे निळ्या भुकटीची पोती होती. पोत्यावर लिहिले होते, 'बुई बोर्दलेज'. बुई म्हणजे लापशी. बोर्डोची लापशी! आता मोरचूद आणि चुना घरी कालवावा लागत नाही, तयार भुकटी मिळते, एवढाच काय तो फरक. युरोपात २०१९ पासून तांब्यावर मर्यादाही आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंपेक्षा अधिक तांबे जमिनीत जाता कामा नये. आणखी औषधे ते फवारतात, आपलेही शेतकरी फवारतात. पण मूळ उत्तर असे होते की, मामा जे करीत होते तेच. त्यांना ते कोणी सांगितले असते तर पीक वाचले नसते. आपण काही चुकलो का, ही रुखरुख तरी गेली असती.

या लापशीचा जन्म तेथून जवळच, बोर्डोच्या उत्तरेस मेदोक भागात झाला. तिची कथा मला बागेच्या कथेइतकीच चोराची कथा म्हणून आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात फ्रान्सच्या वेलींच्या मुळांना अमेरिकेहून आलेली फायलॉक्सेरा नावाची सूक्ष्म कीड लागली. उपाय सापडला तोही अमेरिकनच. अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचे कलम. आपल्याकडे बागाईतदार 'डॉगरिज' खुंटावर कलम करतात, तोही अमेरिकन वेलीचाच खुंट, फक्त आपले कारण खारे पाणी आणि दुष्काळ. त्या अमेरिकन वेलींच्या पाठोपाठ डावणीही युरोपात पोहोचली. १८७८ मध्ये ती फ्रान्समध्ये दिसू लागली. १८८२ च्या हिवाळ्याआधी बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे मेदोकमधल्या सें-ज्युलियां गावच्या रस्त्याने जात होते. सगळीकडे वेलींची पाने गळून पडलेली, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार. चौकशी करता कळले की, येणारेजाणारे घड तोडून खातात म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची तिकडे रीत होती. विषारी दिसावे, एवढाच हेतू. मिलार्दे यांनी गायों या रसायनशास्त्रज्ञासह प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुस्तकी माणसाने रस्त्याकडेला पाहिले, थांबून विचारले आणि घरी जाऊन काम पुरे केले. मी यांतले काहीच केले नव्हते, हे त्या रस्त्यावर उभा असताना मला फार लागले.

तो रस्ता आजही दुतर्फा वेलींचाच आहे. पलीकडे एकेका वाड्याच्या कमानी. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने येथल्या मद्यांची जी प्रतवारी लागली, ती आजतागायत जवळजवळ जशीच्या तशी आहे. १९७३ मध्ये एक नाव दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आले, ही तिच्यातली मोठी क्रांती. आपल्या समीक्षेतही अशा काही प्रतवाऱ्या आहेत, पण तो विषय आज नको.

लघुनिबंध शिकवणाऱ्या माणसाने त्या भागात जाऊन मोंतेन्यच्या मनोऱ्याला न जाणे म्हणजे आळंदीस जाऊन ज्ञानोबांचे दर्शन न घेण्यासारखे झाले असते. सें-एमिलियोंच्या पूर्वेस, वेलींच्याच मध्ये तो मनोरा आहे. खाली देवघर, वर शयनगृह, त्यावर ग्रंथालय. 'निबंध' या वाङ्मयप्रकाराला ज्याच्या १५८० सालच्या पुस्तकाने नाव दिले, तो येथे बसून लिहीत असे. हा माणूस बोर्डोचा महापौरही होता. छताच्या तुळयांवर त्याने ग्रीक आणि लॅटिन वचने लिहून घेतली होती. ती अजून वाचता येतात. पण ग्रंथ नाहीत. सुमारे हजार पुस्तके होती, ती पुढे विखुरली. १८८५ मध्ये शेजारचा वाडा जळाला, मनोरा तेवढा वाचला. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लघुनिबंधाचे मूळ मी वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून या मनोऱ्यापर्यंत नेत आलो आहे. तेथे उभे राहिल्यावर दिसल्या त्या रिकाम्या गोल भिंती. ज्या ग्रंथालयातली पुस्तके जागेवर आहेत, त्यांच्या सभासदांसमोर हे सांगताना मला बरे वाटते.

समुद्राविषयी थोडे. बोर्डोच्या नैर्ऋत्येस आर्काशोंजवळ वाळूची एक टेकडी आहे, शंभर मीटरांहून उंच. युरोपातली सर्वांत उंच वाळूची टेकडी ती. वाऱ्याने दरवर्षी आत सरकते आणि पाइनच्या रानाला गिळत जाते. आम्ही धापा टाकीत वर चढलो. एका बाजूस अटलांटिक, दुसऱ्या बाजूस रान, त्यात २०२२ च्या वणव्यात जळालेला काळा पट्टा. खालच्या खाडीत कालवांची शेती चालते. रत्नागिरीकडे कालवे खडकावरून फोडून काढतात. येथे त्यांची पेरणी, राखण आणि काढणी होते. सौ.ने ती कच्ची खाण्यास नकार दिला. मी मात्र एक खाल्ले, आणि त्याविषयीही विचारू नये.

तेथून मार्सेलिस सुमारे साडेसहाशे किलोमीटर. तुलूझवरून, कार्कासोनचा किल्ला लांबून पाहत आम्ही नार्बोनला पोहोचलो. तेथे चहापुरते थांबायचे होते, पण एका चौकातल्या पाटीने तासभर अडवले. १९०७ साली या भागात द्राक्षशेतकऱ्यांचा उठाव झाला. भाव कोसळले होते. बाजारात साखर घालून केलेली खोटी दारू आली होती. मार्सेलें आल्बेर नावाचा एक खेडेगावचा शेतकरी आणि खानावळवाला मूठभर माणसांसह निघाला, आणि तीन महिन्यांत माँपेलिएच्या सभेला काही लाख लोक जमले. जूनमध्ये नार्बोनला सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. तेव्हा सतराव्या पलटणीतल्या शिपायांनी बंड केले, कारण ती पलटण याच गावांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांची होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. मला १९८० सालचा नोव्हेंबर आठवला. मी दहा वर्षांचा होतो. नाशिक जिल्ह्यात कांद्याउसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ते आणि रेल्वे अडवल्या होत्या, आणि त्या दिवाळीत आम्हांला आजोळी जाता आले नव्हते. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी हेही युरोपातली नोकरी सोडून आलेले. आमच्या मामांनी त्यांची भाषणे बांधावर बसून पुन्हा म्हणून दाखवल्याचे मला आठवते.

मार्सेलिसला आम्ही दिवस मावळताना पोहोचलो. तिकडे मार्सेय म्हणतात. पण मी आजोबांचाच उच्चार ठेवणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जुने बंदर ओलांडून मोठ्या गोद्यांच्या बाजूला गेलो. १९१० च्या जुलैत 'मोरिया' बोट येथे लागली होती. नाशिकच्या जॅक्सन वधानंतरच्या खटल्यांसाठी सावरकरांना तीतून मुंबईस नेत होते. ८ जुलैच्या सकाळी ते बोटीच्या गवाक्षातून पाण्यात उतरले, धक्क्यावर चढले आणि धावले. फ्रेंच जलपोलिसाने त्यांना धरले आणि पाठलाग करणाऱ्यांच्या स्वाधीन केले. आजोबांच्या गोष्टीत समुद्र फार मोठा होता. प्रत्यक्षात बोट बंदरात उभी होती, पोहण्याचे अंतर थोडके होते. जावयांनी ते ऐकले आणि ते जरा हिरमुसले. मला तसे वाटले नाही. खरी झेप पाण्यातली नव्हतीच. ती कायद्यातली होती. दुसऱ्या देशाच्या भूमीवर पाय टेकला की पहिल्या देशाचा अधिकार संपतो, हे बॅरिस्टरीचा अभ्यास केलेल्या कैद्याने हेरले होते. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला की, पकडण्यात अनियमितता झाली हे खरे, तथापि इंग्लंडवर कैदी परत करण्याचे बंधन नाही.

वडोदेकरांनी येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच वर्षी, त्या उडीच्या तीनच महिने आधी, ४ एप्रिल १९१० रोजी आपल्या बडोदा कॉलेजातले एके काळचे उपप्राचार्य अरविंद घोष पाँडिचेरीस उतरले. तीही फ्रेंच भूमीच. बडोद्यात ते काही काळ फ्रेंच शिकवीत असत. त्यांना त्या भूमीने जन्मभर आसरा दिला. मार्सेलिसच्या धक्क्यावर तीच भूमी काही मिनिटेसुद्धा पुरली नाही. आणि याच १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना आणून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. तारखा जवळ आल्या म्हणून त्यांत अर्थ शोधण्याची आम्हां शिक्षकांना खोड असते, ती आपण क्षम्य मानावी.

मी धक्क्यावरून मामेभावाला दूरध्वनी केला. तो आता टोमॅटो आणि कांदा करतो. दोन एकरांत पुन्हा द्राक्षे लावली आहेत, वर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून. त्याला म्हटले, आजोबांची दोन्ही गावे पाहिली. बोर्डो हे शहर आहे, मोठे, नदीकाठचे. आणि तेथेही डावणी येते, आणि तेही मोरचूद आणि चुनाच मारतात. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबांना सांगायला पाहिजे होतं." मामांना घरात आबा म्हणत.

मी म्हटले, "हो."

"बरं, तिकडं मोरचुदाचा भाव काय?" त्याने विचारले.

मी भाव पाहिला नव्हता. त्या दुपारी बागकामाच्या एका दुकानात जाऊन निळ्या डब्यावरची किंमत वाचली, रुपयांत हिशेब केला आणि संध्याकाळच्या आत त्याला कळवली.